बंद पडलेल्या वाटा आणि चालू राहिलेली वहिवाट : पिट्सबर्ग–वॉशिंग्टन सायकलमार्गाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेच्या पूर्व भागात पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या औद्योगिक शहरापासून राजधानी वॉशिंग्टनपर्यंत सुमारे ३३४ मैल, म्हणजे जवळपास ५३८ किलोमीटर लांबीची एक वाट जाते. नद्यांच्या काठाने, जंगलातून आणि लहान गावांच्या कडेने जाणाऱ्या या वाटेवर जवळजवळ कोठेही मोटार आडवी येत नाही. वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत सायकलस्वारांचे लहान लहान गट सामान सायकलला बांधून या वाटेने निघतात आणि साधारणपणे पाच ते आठ दिवसांत हे अंतर पार करतात. एकटा प्रवासीही येथे भेटतो. परंतु मित्रांच्या सोबतीने, रोज एका गावी मुक्काम करत केलेला प्रवास हेच या वाटेचे प्रातिनिधिक चित्र होय.

वरवर पाहता हा विषय पर्यटनाचा वाटतो. तथापि ही वाट पर्यटनासाठी निर्माण झालेली नाही. तिचा पश्चिमेकडील १५० मैलांचा भाग, म्हणजे ‘ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज’, हा मोडीत निघालेल्या लोहमार्गांच्या जागेवर उभा आहे. कंबरलंड गावापासून वॉशिंग्टनपर्यंतचा १८४.५ मैलांचा भाग ही ‘चेसापीक अँड ओहायो’ कालव्यातील नौका ओढणाऱ्या खेचरांसाठी काठाने बांधलेली वाट आहे. म्हणजेच दोन बंद पडलेल्या वाहतूक व्यवस्थांच्या अवशेषांवरून हे सायकलस्वार जात असतात.

या वाटा कोणी आणि कोणत्या किमतीवर बांधल्या, त्या बंद पडल्यानंतर नष्ट का झाल्या नाहीत आणि त्यांवरून जाण्याचा सर्वसामान्यांचा हक्क कसा टिकला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. एकाच दिवशी सुरू झालेली स्पर्धा

पोटोमॅक नदीतून पश्चिमेकडील प्रदेशाशी व्यापार वाढवावा ही कल्पना जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या काळापासूनची होती. १७८५ मध्ये स्थापन झालेल्या पोटोमॅक कंपनीने धबधब्यांना वळसा घालणारे छोटे कालवे खणले. परंतु नदीची पातळी ऋतुमानाप्रमाणे बदलत असल्याने हा प्रयत्न अपुरा ठरला. यानंतर नदीला समांतर असा स्वतंत्र कालवा खणण्याची योजना पुढे आली. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. कुदळीखाली मुळी आल्याने अ‍ॅडम्स यांना अंगातील कोट काढून पुन्हा घाव घालावा लागला, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

त्याच दिवशी बाल्टिमोर येथे ‘बाल्टिमोर अँड ओहायो’ रेल्वेची पायाभरणी झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी त्या वेळी हयात असलेले एकमेव गृहस्थ चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते पहिला दगड बसविण्यात आला. दोन्ही उपक्रमांचे उद्दिष्ट ओहायो नदीचे खोरे गाठणे हेच होते आणि डोंगर व नदी यांमधील अरुंद पट्टी दोघांनाही हवी होती. पॉइंट ऑफ रॉक्स येथील जागेवरून झालेला खटला १८३२ मध्ये कालव्याच्या बाजूने लागला. न्यायालयात कालवा जिंकला, मात्र प्रत्यक्ष शर्यत तो हरला. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोहोचली. कालवा तेथे पोहोचण्यास १८५० साल उजाडले. पिट्सबर्गपर्यंत जाण्याचा मूळ बेत कालव्याने तेथेच सोडून दिला. पुढे सायकलस्वारांच्या वाटेने हे दोन टोकांमधील अंतर जोडले गेले, तेव्हा एकविसावे शतक सुरू झाले होते.

२. कालवा खणणारे हात

कालव्यावर नौका चढविण्या-उतरविण्यासाठी ७४ लॉक बांधण्यात आले. दोन्ही बाजूंना दरवाजे असलेल्या दगडी हौदात पाणी भरून किंवा सोडून नौका वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेली जाई. उपनद्या ओलांडण्यासाठी ११ जलसेतू उभारण्यात आले. त्यांपैकी मोनॉकसी नदीवरील सात कमानींचा, ५१६ फूट लांबीचा जलसेतू १८३३ मध्ये पूर्ण झाला. यादवी युद्धाच्या काळात, सप्टेंबर १८६२ मध्ये, दक्षिणेकडील सैन्याने तो उडवून देण्याचा प्रयत्न केला. पण दगडी बांधकाम इतके भक्कम होते की हा प्रयत्न फसला. आज सायकलस्वार याच जलसेतूवरून मोनॉकसी ओलांडतात.

हे भक्कम बांधकाम करणारा मजूरवर्ग मुख्यतः स्थलांतरितांचा, त्यातही आयरिश लोकांचा होता. स्थानिक मजूर पुरेसे मिळेनात म्हणून कंपनीने १८२९ मध्ये ब्रिटिश बेटांवरून करारबद्ध मजूर आणविले. कामाच्या अटी असह्य झाल्याने त्यांतील अनेकजण पळून गेले. १८३२ मध्ये पटकीची साथ कालव्यालगतच्या वस्त्यांमध्ये पसरली आणि मजुरांचे मोठ्या प्रमाणावर बळी गेले. जानेवारी १८३४ मध्ये विल्यम्सपोर्टजवळ आयर्लंडच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या मजुरांच्या दोन गटांत हाणामारी झाली. काम अपुरे आणि मजुरी अनिश्चित असल्याने कोणत्या गटाला काम मिळावे, हा या संघर्षाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तेथे केंद्रीय सैन्य पाठविले. कामगारांच्या अशांततेत अमेरिकेच्या केंद्र सरकारने सैन्य वापरल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

पॉ पॉ बोगद्याचा इतिहास याहून बोलका आहे. नदीची सुमारे सहा मैलांची नागमोडी वळणे टाळण्यासाठी ३,११८ फूट लांबीचा हा बोगदा १८३६ मध्ये हाती घेण्यात आला. तो दोन वर्षांत होईल असा कंत्राटदाराचा अंदाज होता. खडक ठिसूळ निघाला, पैसा संपला, मजुरी थकली, दंगे झाले, काम अनेक वर्षे बंद पडले आणि अखेर १८५० मध्ये बोगदा वापरात आला. आत दिवे नाहीत. एका बाजूला लाकडी कठडा व त्याखाली काळे पाणी, दुसऱ्या बाजूला विटांची भिंत, अशा अरुंद वाटेवर सायकलस्वारांनी खाली उतरून, हातात दिवा घेऊन चालावे अशी अपेक्षा असते. अंधारात एकमेकांना हाक देत पुढे सरकणारा मित्रांचा गट येथे चौदा वर्षांच्या श्रमांतून जात असतो.

३. खेचरांची वाट आणि नौकेवरील संसार

कालव्यावरील मुख्य माल कंबरलंड परिसरातील कोळसा हा होता. सुमारे ९० फूट लांबीच्या नौकेत शंभर टनांहून अधिक कोळसा मावत असे. काठावरच्या वाटेने खेचरांची जोडी दोराने नौका ओढी आणि दुसरी जोडी नौकेवरील तबेल्यात विश्रांती घेई. पाळ्या साधारण सहा तासांच्या असत. कंबरलंड ते जॉर्जटाउन हा प्रवास चार-पाच दिवसांचा किंवा त्याहून अधिक असे. आजचे सायकलस्वार हेच अंतर साधारणपणे तीन-चार दिवसांत कापतात.

अनेक नौकांवर संपूर्ण कुटुंब राहत असे. पुरुष व्यवहार पाही, पत्नी स्वयंपाकाबरोबर सुकाणूही सांभाळी, तर मुले खेचरांबरोबर मैलोन्‌मैल चालत. कालव्याच्या हंगामात मुलांचे शिक्षण अर्थातच बुडे. लॉकच्या रखवालदारास राहण्यास घर आणि बेताचा पगार मिळे. मात्र रात्री-अपरात्री नौकेचा कर्णा वाजला की उठून दरवाजे उघडणे त्याला व त्याच्या घरच्यांना बंधनकारक होते. यांतील काही घरे अलीकडे दुरुस्त करून प्रवाशांना रात्रीच्या मुक्कामासाठी दिली जातात. ज्या खोलीत पूर्वी अखंड झोप दुर्मीळ होती, तेथे आज दिवसभर सायकल चालवून थकलेले लोक निश्चिंत झोपतात. श्रमाची जागा विश्रांतीची होते, तेव्हा तेथील पूर्वीच्या रहिवाशांचे काय झाले हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही.

१८८९ च्या महापुराने कालवा उद्ध्वस्त झाला आणि कंपनी न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांच्या हाती गेली. त्यामागील सूत्रे जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे, म्हणजे ‘बाल्टिमोर अँड ओहायो’ रेल्वेकडे होती. दुरुस्तीनंतर कालवा आणखी काही वर्षे चालला. परंतु १९२४ च्या पुरानंतर नौका कायमच्या थांबल्या. १९३८ मध्ये कर्जात अडकलेल्या या रेल्वे कंपनीने कालव्याची जमीन २० लाख डॉलरना केंद्र सरकारला विकली. त्यानंतर वॉशिंग्टनलगतच्या २२ मैलांची दुरुस्ती ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या मंदीच्या काळातील रोजगार योजनेखाली झाली. ते काम कृष्णवर्णीय तरुणांच्या तुकड्यांनी केले. आज राजधानीतील नागरिक फेरफटका मारतात तो हाच भाग होय.

४. १९५४ ची पदयात्रा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. कालव्याच्या पट्ट्यावर निसर्गदर्शन घडविणारा मोटाररस्ता बांधावा असा प्रस्ताव पुढे आला. जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने अग्रलेखातून त्याला पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर पत्र लिहिले आणि आपल्याबरोबर संपूर्ण कालव्याकाठाने चालत येण्याचे आव्हान दिले. संपादकांनी ते स्वीकारले.

२० मार्च १९५४ रोजी कंबरलंडहून ही पदयात्रा निघाली. तीत निसर्गाभ्यासक, पत्रकार आणि वन्यजीव संरक्षणाच्या चळवळीतील ओलॉस म्यूरी यांच्यासारखे कार्यकर्ते होते. पायांना फोड आल्याने आणि थंडीमुळे अनेकांनी माघार घेतली. २७ मार्चला वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत संपूर्ण अंतर चाललेले डग्लस यांच्यासह केवळ नऊजण उरले होते. संपादकांना पूर्ण अंतर चालता आले नाही, मात्र त्यांच्या वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली. पुढे १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि १९७१ मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून घोषित झाला. १९७७ मध्ये हे उद्यान डग्लस यांना समर्पित करण्यात आले.

या घटनेचे महत्त्व दोन बाबतींत आहे. एक, वादाचा निकाल कार्यालयात न होता वाटेवर झाला. आठ दिवस एकत्र चालणे, एका ठिकाणी जेवणे आणि मुक्काम करणे यांमुळे विरोधी मताच्या लोकांना जागेचे मोल उमगले. दोन, डग्लस यांचा भर एकांत, पक्षी, वृक्ष आणि शांतता यांवर होता. त्यामुळे कालवा वाचला तो प्रामुख्याने निसर्ग म्हणून. कालव्याच्या बाजूची झाडी त्याच्या निकामी होण्यातून वाढली होती आणि ज्या एकांताचे कौतुक झाले तेथे एकेकाळी हजारो मजुरांचा कोलाहल होता, ही जाणीव सार्वजनिक चर्चेत तुलनेने मागे पडली. वाट राखताना श्रमाचा इतिहास निसटण्याचा धोका असतो, हे या यशाचीच दुसरी बाजू दाखवते.

५. कोळसा, कोक आणि अनावश्यक ठरलेला लोहमार्ग

कंबरलंडच्या पश्चिमेकडील भागाचा इतिहास वेगळा आहे. कॉनेल्सव्हिल परिसरातील कोळशापासून तयार होणारा कोक पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांना लागत असे. या मालाच्या वाहतुकीसाठी यॉकोगेनी व कॅसलमन नद्यांच्या खोऱ्यांत एकाहून अधिक कंपन्यांनी लोहमार्ग टाकले. ‘वेस्टर्न मेरीलँड’ रेल्वेने कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल हा मार्ग १९१२ मध्ये सुरू केला, तेव्हा त्याच खोऱ्यांत ‘बाल्टिमोर अँड ओहायो’ची गाडी धावत होती. १९७० च्या दशकात या दोन्ही कंपन्या एकाच उद्योगसमूहात आल्या आणि दोन समांतर मार्गांची गरज संपली. १९७५ मध्ये वेस्टर्न मेरीलँडचा मार्ग बंद झाला. स्पर्धेतून निर्माण झालेला जादा मार्ग एकत्रीकरणानंतर अनाथ झाला, असे म्हणता येईल.

अवजड कोळसागाड्यांना तीव्र चढ चालत नाही. म्हणून अभियंत्यांनी डोंगर फोडून आणि दऱ्यांवर पूल टाकून चढ सौम्य ठेवला होता. सॅलिसबरी येथील १,९०८ फूट लांबीचा उंच पूल आणि सुमारे ३,३०० फूट लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा ही त्याची उदाहरणे. कंबरलंडपासून सुमारे २४ मैलांत वाट सुमारे १,७५० फूट चढते आणि २,३९२ फूट उंचीवरील पाणलोट रेषा ओलांडते. या रेषेच्या एका बाजूचे पाणी अटलांटिक महासागराकडे, तर दुसऱ्या बाजूचे मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. साधारण प्रकृतीचा माणूस सामानासह हा डोंगर सायकलने ओलांडू शकतो, याचे श्रेय वाफेच्या इंजिनाच्या मर्यादेला द्यावे लागते.

या भागातही श्रमाच्या खुणा वाटेला लागून आहेत. पिट्सबर्गजवळ होमस्टेड येथे ६ जुलै १८९२ रोजी संपकरी पोलाद कामगार आणि नौकांतून आणलेले पिंकर्टन संस्थेचे खाजगी रक्षक यांच्यात चकमक झाली व दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली. त्या ठिकाणचे जुने पंपघर अद्याप उभे आहे. यॉकोगेनीच्या काठी व्हॅन मीटर येथे डार खाणीत १९ डिसेंबर १९०७ रोजी झालेल्या स्फोटात २३९ कामगार मरण पावले. त्यांत हंगेरीकडील स्थलांतरित पुष्कळ होते. त्या दिवशी जुन्या पंचांगाप्रमाणे संत निकोलस यांचा सण असल्याने पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचे अनेक कामगार कामावर गेले नव्हते आणि म्हणून वाचले. वाटेकडेला असलेला स्मृतिफलक थांबणाऱ्यासच दिसतो.

६. वहिवाटीचा हक्क आणि कायदा

१९१६ च्या सुमारास अमेरिकेतील लोहमार्गांचे जाळे सुमारे अडीच लाख मैल होते. पुढे ते आकसत गेले आणि १९८० च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांवरील निर्बंध सैल झाल्यावर मार्ग बंद करणे अधिक सोपे झाले. येथे एक कायदेशीर अडचण होती. अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नसून केवळ वहिवाटीचा हक्क होता. गाडी बंद होताच तो हक्क संपून जमीन शेजारच्या मालकांकडे परत जाई आणि सलग पट्टा तुकड्यातुकड्यांत विखुरला जाई.

यावर १९८३ मध्ये संसदेने तोडगा काढला. भविष्यात पुन्हा रेल्वेची गरज भासेल या हेतूने पट्टा राखून ठेवावा व तोवर तो पायवाट म्हणून वापरावा, अशी तरतूद करण्यात आली. ‘रेल बँकिंग’ या नावाने ती ओळखली जाते. व्हरमाँट राज्यातील प्रेसॉल्ट कुटुंबाने तिला आव्हान दिले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मात्र जमीनमालकास नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग खुला ठेवला. पुढे १९९६ मध्ये अपील न्यायालयाने प्रेसॉल्ट यांचा भरपाईचा हक्क मान्य केला. म्हणजे सार्वजनिक वाट आणि खाजगी मालमत्ता यांतील संघर्ष मिटला असे नाही. त्याला मोजता येणारे स्वरूप आले.

वेस्टर्न मेरीलँडचा मार्ग या कायद्याच्या आधीच बंद झाला होता. तेथे निसर्गसंवर्धन संस्था, राज्य शासन आणि स्थानिक मंडळे यांना एकेक तुकडा मिळवावा लागला. ओहायोपाइल येथील पहिला टप्पा १९८६ मध्ये खुला झाला. १९९५ मध्ये विविध स्थानिक संघटना एका आघाडीत एकत्र आल्या. बिग सॅव्हेज बोगद्याच्या दुरुस्तीनंतर २००६ मध्ये वाट कंबरलंडपर्यंत पोहोचली आणि पिट्सबर्गमधील शेवटचा खंड जून २०१३ मध्ये जोडला गेला. पहिल्या टप्प्यापासून अखेरच्या टप्प्यापर्यंत सत्तावीस वर्षे लागली. १८२८ मध्ये योजलेला पोटोमॅक ते ओहायो खोऱ्याचा सलग काठमार्ग अशा रीतीने पूर्ण झाला. त्यावरून माल मात्र जात नाही.

७. सायकलस्वारांचा प्रवास : एक वाचन

या पार्श्वभूमीवर मित्रांच्या गटाच्या प्रवासाकडे पाहिले असता काही गोष्टी लक्षात येतात. पिट्सबर्गहून निघालेला गट पहिले दोन-तीन दिवस दगडाच्या बारीक चुरीने बांधलेल्या वाटेवरून हळूहळू चढतो. कॉन्फ्लुअन्स, रॉकवूड, मायर्सडेल यांसारख्या, कोळसा आणि रेल्वे गेल्यावर ओस पडू लागलेल्या गावांत तो जेवतो व मुक्काम करतो. या गावांच्या अर्थव्यवस्थेला सायकलस्वारांनी काही आधार दिला आहे, परंतु खाणी व कारखान्यांतील रोजगाराची जागा खानावळी आणि मुक्कामाची घरे पूर्णपणे घेऊ शकत नाहीत. पाणलोट रेषा ओलांडल्यावर कंबरलंडपर्यंत उतार लागतो. तेथून पुढे मातीची काठवाट सुरू होते. पाऊस पडला की चिखल होतो, वेग मंदावतो आणि गट आपोआप एकमेकांची वाट पाहू लागतो.

गटाचा वेग सर्वांत संथ माणसाच्या वेगाने ठरतो. मोटाररस्त्यावर हे शक्य नसते. अमेरिकेतील सायकलस्वारांनी १८८० मध्ये ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संघटना स्थापून चांगल्या रस्त्यांची चळवळ उभारली होती. पण त्या चळवळीतून सुधारलेले रस्ते पुढे मोटारींनी व्यापले. सायकलस्वारांना पुन्हा स्वतःची वाट मिळाली ती मोटारींना आणि रेल्वेला नको असलेल्या जागेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, या वाटेवरील आजचा निवांत प्रवास दोन आर्थिक अपयशांवर आणि दोन सार्वजनिक कृतींवर आधारलेला आहे. कालवा व लोहमार्ग यांचे बंद पडणे ही अपयशे होत, तर १९५४ ची पदयात्रा आणि १९८३ ची कायदेशीर तरतूद, तसेच तिच्या कक्षेबाहेरील तुकड्यांसाठी स्थानिकांनी केलेले प्रदीर्घ प्रयत्न, या सार्वजनिक कृती होत.

वाटेचे मूल्य तिच्या सलगतेत आहे. मधला एक मैल विकला गेला असता तर उरलेल्या तीनशे मैलांचा अर्थ बदलला असता. मालकी हातोहात बदलत गेली, वापर बदलला, वहिवाट मात्र टिकली. ती टिकविण्यासाठी कायद्याइतकेच प्रत्यक्ष चालणारे पाय आवश्यक ठरले.

त्याचबरोबर ज्यांनी ही वाट खणली, बांधली आणि तिच्या कडेने प्राण गमावले त्यांची स्मृती वाटेइतकी सलग राहिलेली नाही. ती फलक, दफनभूमी, बोगद्याच्या विटा आणि लॉकच्या दगडांवर नौकांच्या दोरांनी पाडलेले खोल चरे यांत विखुरलेली आहे. या चऱ्यांवर हात ठेवून क्षणभर थांबणारा सायकलस्वार तेथे गेलेल्या खेचरांचा आणि त्यांच्यामागून चालणाऱ्या मुलांचा इतिहास स्पर्शाने वाचत असतो. सार्वजनिक वाट राखण्याचे काम या वाचनाने पूर्ण होते.